ऑफ सीझनमधलं कोकण आणि भासऱ्यांना फोन

पाठीवर पिशवी अडकवून गावोगाव फिरण्याला बॅकपॅकिंग म्हणतात, हे चाळिशी उलटल्यावर मला नवऱ्याने सांगितलं. माझ्या माहेरी, समुद्रपूरकडे, माणसं पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवसभर कपाशीत फिरतात. त्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही. आमचे हे प्राध्यापक नवरोबा मात्र फोनवर बॅकपॅकिंगचे व्हिडिओ बघून पेटले होते. त्यातही ऑफ सीझन. म्हणजे शहाणी माणसं ज्या दिवसांत कोकणाकडे फिरकत नाहीत, त्याच दिवसांत तिकडे जायचं आणि त्याला ‘खरं कोकण’ म्हणायचं.

मी हो म्हटलं ते कोकणासाठी नाही. पवनारच्या रस्त्यावर आमचं दोन खोल्यांचं घर बांधून तयार आहे आणि तयार झाल्यापासून कुलपात आहे. आम्ही राहतो वर्ध्याच्या नालवाडीत, मोठ्या दिरांच्या घरी. मोठ्या दिराला आमच्याकडे भासरे म्हणतात, आणि धाकट्या सुनेने भासऱ्यांशी थेट बोलायचं नसतं. काही हवं-नको असेल तर जावेला सांगायचं, ती त्यांना सांगते, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. बहुतेक वेळा ते ‘नाई’ असतं. जाऊ ते अशा कोरड्या तोंडाने सांगते की, हा नकार भासऱ्यांचा की तिचा, हेच मला कधी कळलं नाही.

वडील गेल्यावर दादांनीच, म्हणजे भासऱ्यांनीच, धाकट्या भावाला शिकवलं, हे मान्य. पण म्हणून जन्मभर तोंड शिवून बसायचं? वर्गात तासभर घसा ताणून बोलणारा हा माणूस भावाच्या पंगतीला मीठसुद्धा मागत नाही, अळणी जेवून उठतो. समोर जमत नसेल तर लांबून बोला, असं मी त्याला बजावलं. कोकणातून दादांना फोन करायचा आणि आम्ही वेगळं राहतो म्हणून सांगायचं. त्याने शब्द दिला, तेव्हा मी पिशवी पाठीला लावली.

आता खादीचं. नवरा खादीशिवाय काही घालत नाही आणि स्वतःचे कपडे स्वतः धुतो. वर्ध्यात अशा माणसाला लोक मान देतात. इथे पावसाळ्यातही सकाळी पिळलेला सदरा दुपारपर्यंत वाळतो. त्या भरवशावर हे गृहस्थ भर आषाढात कोकणात सगळे खादीचेच सदरे घेऊन निघाले. एखादा साधा टी-शर्ट घ्या म्हटलं, तर मला हातमागावर व्याख्यान ऐकावं लागलं. तिथे रोज नेमाने धुणं आणि रोज तेच ओलं धुणं पिळून पिशवीत कोंबणं चाललं. तिसऱ्या गावाला पोचेस्तोवर पिशवी दगडासारखी जड झाली होती आणि तिला असा कुबट वास सुटला की एसटीत शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली. नवऱ्याला वाटलं, आपल्याला ऐसपैस बसता यावं म्हणून उठली.

बाकी खरं कोकण म्हणाल, तर ते झोपलेलं होतं. खानावळींची दारं बंद, होड्या प्लास्टिक पांघरून किनाऱ्यावर पडलेल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, हे व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं, त्यामुळे ताज्या माशांची स्वप्नं पाहत आलेल्या माणसाने रोज अंड्याचा रस्सा खाल्ला. समुद्र गढूळ. पवनारच्या धाम नदीला पूर आला की अगदी असंच पाणी दिसतं, आणि ते बघायला नालवाडीहून ऑटोने जाता येतं. त्याच्यापुढे तास-तास उभं राहून नवरा मला म्हणायचा, “काय शांतता हाय, नाई?” लाटांच्या आवाजात काय म्हणालात, हे मला दोनदा विचारावं लागायचं.

फोनचा विषय काढला की रेंज नाही. एकदा म्हणाला, “दादा आत्ता झोपले असतीन.” सकाळचे दहा वाजले होते.

शेवटच्या गावात ज्यांच्याकडे उतरलो, त्या काकूंनी आम्हाला दारातच विचारलं, “या दिवसांत कशाला आलात हो?” मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच्याकडे घालायला सुका कपडाच उरला नव्हता. काकूंनी त्याला आपल्या यजमानांची चट्ट्यापट्ट्यांची लुंगी आणि कुठल्याशा सिमेंटची जाहिरात छापलेला टी-शर्ट दिला. हातमागाचा अभिमानी त्या सिमेंटमध्ये पडवीत बसला आणि पुन्हा म्हणाला, “इथं बी रेंज नाई.”

“धक्क्यावर जा, तिथे येते,” काकू आतून म्हणाल्या. मी त्याला तसाच लुंगीवर उठवला.

धक्क्यावर फोन लागला. दादांचा आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

“काऊन रे, बरे आहा ना? टीव्हीवर लय पाणी दाखवून राह्यले तिकडचं.”

“हो दादा.”

“तब्येत सांभाळजो.”

“हो दादा. दादा, एक सांगायचं होतं...” त्याने माझ्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. “परवाची गाडी हाय आमची.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्यासाठी मी ओल्या गादीवर झोपले, ओले कपडे अंगावर वाळवले? मी त्याच्या हातातला फोन ओढला. लग्न झाल्यापासून ज्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते, त्यांना म्हटलं, “दादा, मी बोलते. आम्ही आल्यावर पवनारच्या घरी राहाले जाणार आहो.”

नवरा तोंड उघडं टाकून पाहत राहिला. पलीकडे खुर्ची सरकली, चपला वाजल्या आणि फोनवर जाऊ आली. आता ही काय ऐकवते, म्हणून मी कंबर कसली.

“ते आंगणात गेले,” ती हळूच म्हणाली. “खरंच चालली का वो तू?”

“हो.”

“जाय. मांगं फिरू नको.” मग म्हणाली, “अन् घर लागलं की मले चार दिवस राहाले बलावजो. माय गेली तवापासून मले कोणी कुठी राहाले बलावलंच नाई.”

मला रडू फुटलं. नवऱ्याने घाबरून विचारलं, “वैनी लय बोलल्या का तुले?”