बेपत्ता सयाजीचा माग

नेसरीच्या तानाबाईचा नवरा सयाजी एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाला. सरकारनं काही वर्षं वाट बघून त्याला मेलेला धरला आणि घरच्यांनी धाकट्या दिराशी, आकारामशी, तिचा पाट लावला. आकाराम स्वभावानं गरीब. दोन लेकरं झाली, संसार मार्गी लागला.

नव्याण्णव साली कारगिल पेटलं आणि बाजारात बोलणं सुरू झालं, की जुन्या लढाईतली काही माणसं अजून पाकिस्तानच्या तुरुंगात जिवंत आहेत. सासूच्या, बाळाबाईच्या, कानावर ते आलं आणि तिला अन्न गोड लागेना.

"तानी, तूच जा. सरकारदरबारी त्येचं काय लिवलंय त्ये नीट बघून ये."

तानाबाई निघाली. गाव म्हणालं, "बाई असावी तर अशी!" ती मान खाली घालून एसटीत बसायची. कोल्हापूरच्या सैनिक कचेरीच्या पायऱ्या चढताना तिच्या मनात एकच असायचं : तो मेलेलाच निघू दे. परत आला तर आपण कुणाच्या? लेकरांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? असलं मनात आलं की तिला स्वतःचीच शिसारी यायची.

बऱ्याच खेपा झाल्यावर पलटणीकडून नोंद आली. कारकुनानं वाचून दाखवली, "बेपत्ता, मृत मानला."

"मानला म्हंजे? कुणी बघितलं का न्हाई?"

"प्रेत मिळालं न्हाई, मावशी. पण त्यांच्या तुकडीतले गुंडू म्हणून एक चंदगडाकडं असत्यात. त्यांना विचारून बघा."

आकारामला घेऊन ती चंदगडला गेली. एका पायानं अधू असलेला गुंडू अंगणात काजू वाळत घालत होता. सयाजीचं नाव निघताच त्याचा हात थांबला.

"वयनी, माझ्या डोळ्यांदेखत त्येच्या खंदकावर गोळा पडला. उचलून आणायला काय उरलंच न्हवतं. माझाबी पाय गेला. मी दवाखान्यात शुद्धीवर येऊन बोलतोय, तवर 'बेपत्ता' म्हणून कागद झालं हुतं. मागनं कुणी इचारलंच न्हाई."

तानाबाई ढसाढसा रडली. गुंडूनं पाणी दिलं, धीर दिला. तिचा जीव भांड्यात पडलाय म्हणून ती रडतेय, हे त्याला कसं कळावं? शेजारी आकारामनं लांब श्वास सोडला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, तिनंही त्याच्याकडं नाही.

घरी बाळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तानाबाईला राहवेना.

"आत्ती, त्येनी जित्तं निघू नयेत म्हणून मी हिंडत हुते."

म्हातारी म्हणाली,

"ठावं हाय मला. म्हणून तर तुला धाडली. मी गेले असते, तर कुणीबी 'जित्ता हाय' म्हटल्यावर त्येच खरं धरून तिथनंच माघारी आले असते."

शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं तानाबाईला झालं. त्याच महिन्यात सयाजीचं क्रियाकर्म उरकलं. पुढं दर वर्षी पितरांच्या पंधरवड्यात म्हाळाला त्याचं पान ती स्वतः वाढायची. आकाराम पाया पडायला पुढं व्हायचा. ती मात्र चुलीपाशीच उभी राहायची.