टॅबिथाचे हात

लीड्समध्ये चित्रकार जोसाया थ्वेटची ओळख एकच होती: ॲशकोमचा मित्र. पंधरा वर्षं त्याने हे गिळलं. लायनेल ॲशकोम लंडनला जाऊन मोठा चित्रकार झाला आणि ओल्या पांढऱ्या थरावर पातळ रंग चढवायची त्याची पद्धत जोसायाने उचलली, हे खरंच होतं. जोसायाच्या चित्रांतल्या लांब मानेच्या, उदास बायकाही मूळच्या लायनेलच्याच.

पण एका वर्षी जोसायाने आपल्या बहिणीला समोर बसवलं. टॅबिथा लोकांचे कपडे धुवायची. सोड्याने सोललेली, सांध्यांत सुजलेली तिची बोटं रंगवण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला.

ते चित्र प्रदर्शनात पाठवायच्या आधी लायनेल लंडनहून आला आणि हॅटही न काढता त्याने ब्रश उचलला.

"चेहरा झकास जमलाय रे! हातांची मात्र वाट लावलीस. सरक."

जोसाया सरकला. तासाभरात नवे हात तयार झाले. गोरे, निमुळते आणि अप्रतिम. तेच जोसायाला जास्त झोंबलं.

प्रदर्शन उघडण्याच्या आदल्या दिवशी चित्रकारांना तिथेच आपल्या चित्रांवर शेवटचा हात फिरवता येई. टॅबिथा जोसायासाठी पाव आणि चीज घेऊन आली आणि चित्रापुढे थबकली.

"हे कुणाचे हात रे?"

"तुझेच."

"माझे? या बाईने जन्मात चादर पिळलेली नाही. माझ्या हातांची लाज वाटली होय तुला?"

लायनेल शेजारीच होता. तो हसला. "बाईसाहेब, जरा सुंदर दिसलात तर बिघडलं कुठे?"

जोसायाचं डोकंच फिरलं. रंगाचं पातं घेऊन त्याने ते हात खरवडायला सुरुवात केली.

"अरे, वेड लागलं का तुला? चित्रात तेवढंच तर धड आहे!"

"माझा ब्रश घेतलास, नजर घेतलीस, आता माझ्या बहिणीचे हातही घेतलेस!"

"घेतले? तूच सरकलास, जोसाया."

ते खरं होतं, म्हणून त्याचा संताप आणखीच उसळला. दारं बंद होईपर्यंत तो रंगवत राहिला. हात ओबडधोबड झाले, हिवाळ्यात रंगवलेल्या हातांची सर त्यांना आली नाही. वर्तमानपत्राने एका ओळीत निकाल लावला: ॲशकोमच्या अनुयायाचं चित्र हातांपाशी फसलं आहे.

चित्र कुणी घेतलं नाही. दोघे मित्र पुन्हा कधी भेटले नाहीत. जोसाया गिरणी कामगारांच्या शाळेत चित्रकला शिकवू लागला. चित्र काढताना एखाद्या बाईची मान आपसूक लांब झाली, की तो स्वतःला मोठ्याने शिव्या घालायचा.

टॅबिथाने ते चित्र आपल्या धुण्याच्या खोलीत टांगलं.

"वाफेनं खराब होईल," तो चिडून म्हणाला.

"होऊ दे," ती म्हणाली आणि चादर पिळू लागली.