चुकीच्या फेऱ्यावर बसलेला पंप

काका हात आधी डिझेलनं धुवायचे, मग साबणानं. सुटा केलेला प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि त्यावर वर्तमानपत्र झाकायचे. झाकण्याआधी ते मला वाचून दाखवायला लावायचे. इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकायचे. हसू आलं की खोकायचे. बहिणीला जेवायला हाक मारायचे नाहीत, ताटावर चमचा वाजवायचे.

तीस वर्षं डिझेल पंप आणि नॉझलची कामं केली, म्हणून बेटावर सगळे त्यांना नॉझल म्हणत. मी काका म्हणायचो. मी इथल्या शाळेत भाषा शिकवतो. त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतो. त्यांच्या घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. ताईंच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पलीकडच्या किनाऱ्यावर डायलिसिस. तिकडे जाणारी लाँच एकच.

सोमवारी लाँचच्या इंजिनानं मान टाकली. पंप आतून झिजला होता. मंगळवारचं डायलिसिस चुकलं. काकांनी पंप घरी आणला, दोन दिवस खपून नवे भाग घातले आणि गुरुवारी संध्याकाळी इंजिनावर चढवला. शुक्रवारी सकाळी ताईंचे पाय सुजून चकाकत होते. उशीला टेकून बसल्या तरी धाप लागत होती.

"होडीनं नेऊ या," मी म्हणालो. आठ वाजले होते.

"वल्ही मारत चार तास लागतील. तेवढा वेळ ती कशावर टेकून बसेल? बाराच्या आत लाँच चालू करतो. तू टॉर्च घे."

इंजिनाच्या खोलीत तिघं म्हणजे गर्दी. लाँचच्या खलाशानं सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पेटलं नाही.

"हवा धरलीय," काका म्हणाले. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. पंपावरच्या स्क्रूलाही तेच. पुन्हा सेल्फ. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. कच्च्या डिझेलचा वास.

"नॉझल, हे तर माझ्या सासऱ्यासारखं झालंय," खलाशी म्हणाला. "खोकतं, पण उठत नाही."

काका खोकले नाहीत.

नॉझलकडे जाणाऱ्या चारही नळ्या त्यांनी सैल केल्या. चारही ठिकाणी डिझेल थुंकत होतं. "पोचतंय. वेळेवर पोचत नाही." वेळ जुळवायला पंप जरा इंजिनाकडे सरकवला. मग उलट्या बाजूला. साडेदहा झाले. अकरा झाले. बॅटरी बसत चालली. पाना त्यांच्या हातून दोनदा निसटला. मला वाटलं, हात तेलकट आहेत.

शेजारीण धक्क्यावर येऊन ओरडली, "अहो, ताईंचे ओठ निळे पडायला लागलेत! आवरा की!"

"आलोच म्हणावं," काका म्हणाले.

"काका, इंजिनाच्या चाकावरची खूण जुळली होती ना?" मी विचारलं.

"खूण दोनदा जुळते, मास्तर. एकदा पहिल्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते तेव्हा. पुढच्या फेऱ्याला धूर बाहेर जातो तेव्हा. पंप दाबाच्या फेऱ्यावर बसवायचा."

"ते कळतं कसं?"

"अंगठ्यानं."

बाकीचे मिस्त्री वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह बघतात. काकांना तो कमीपणा वाटायचा. त्यांनी पहिला नॉझल काढला आणि भोकावर अंगठा ठेवला. खलाशी पहारीनं चाक हळूहळू फिरवायला लागला. मी टॉर्च धरली होती. अंगठा वर उचलला गेला. कडेनं तेलाचे बुडबुडे फुटले.

"फिरव अजून," काका म्हणाले. "दाब आला नाही."

खलाशानं माझ्याकडे बघितलं.

"काका, आला," मी म्हणालो. "आत्ताच आला."

त्यांनी अंगठा टॉर्चसमोर धरला. दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघितला. मग म्हणाले, "तुझा लाव." मी लावला. चाकाचे दोन फेरे झाले आणि आतून जोरात धक्का बसला. खूण समोर होती. पंपावरची खूण बरोबर उलट्या बाजूला होती. गुरुवारी तो धुराच्या फेऱ्यावर बसला होता.

"हात कधीपासून असा आहे?"

"बुधवारपासून. झोपलाय. उठेल."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर मलाच अंथरुणात घातलं असतं. मग पंप कोण बसवणार होतं? तू? कविता म्हणून?"

खलाशी हसायला गेला आणि थांबला.

पंप पुन्हा उतरवायचा, त्याचा दांडा अर्धा फेरा फिरवायचा, पुन्हा चढवायचा. अर्ध्या तासाचं काम. काका एका हातानं करत होते. मी पंप तोलून धरला. ते एकेक गोष्ट सांगत होते. मग शब्द बोबडे यायला लागले. "पाना... तो, ना... तो." ओठ एका बाजूला ओघळला. ते इंजिनाला टेकून खाली बसले, दमलेला माणूस बसतो तसे.

आम्ही होडी काढली. चौघं वल्ह्यांवर. ताईंना उशा लावून बसवलं आणि काकांचं डोकं त्यांच्या मांडीवर दिलं. ताईंना बोलायला दम नव्हता, तरी बोलत होत्या. "अरे, डोळे उघड. किनारा आला बघ." किनारा आला नव्हता. अर्ध्या वाटेवर त्या बोलायच्या थांबल्या. आम्ही वल्ही थांबवली नाहीत.

हॉस्पिटलात ताईंना लगेच मशीनवर घेतलं. त्या वाचल्या. काकांकडे डॉक्टरांनी फार वेळ बघितलं नाही. ते होडीतच गेले होते. बधिर हात ही पक्षाघाताची सूचना होती, म्हणाले. बुधवारीच आणायला हवं होतं.

आठ वाजता होडी सोडली असती तर बाराला दोघंही तिथं असते. मी टॉर्च घेतली.

ताई अजून तिकडेच आहेत. त्यांना घरी यायचंय. लाँच धक्क्याला बांधलेली आहे. मालक पलीकडून मिस्त्री आणणार म्हणतो, पण खलाशी कोणाला खाली इंजिनापाशी उतरू देत नाही.

काल मला उतरू दिलं. पंप तीन नटांवर बसतो. दोन काकांनी आवळलेत. तिसरा नुसता बोटानं लावलाय, दीड आटाच फिरलेला.