पुस्तकातला आकडा

नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवतो. प्रॅक्टिकलला आमच्या पोरांची रीत ठरलेली. आधी पुस्तकातलं उत्तर बघायचं, मग मागं मागं येत त्याला जुळतील अशी रीडिंग तयार करायची. त्यामुळं प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाच्या ऊर्जेचा तो विश्वात सगळीकडं एकच असणारा आकडा, आमच्याकडं दरवर्षी अगदी बिनचूक येतो.

त्या दिवशी एका मुलीचा आला नाही. रंगीत एलईडी लावून तिनं इमानदारीत रीडिंग घेतली आणि आकडा कमी भरला. "सर, आपल्याकडं हा बदलला नसंल ना?" तिनं विचारलं. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन नगरला जायचं होतं. वर्षापूर्वी तिच्या पोटातली कॅन्सरची गाठ काढली होती. ती परत आली की काय, ते तपासायचं होतं.

मी मुलीला म्हणालो, चूक जोडणीत असेल, पण प्रश्न वेडगळ नाही. फार लांबून आलेल्या, फार जुन्या प्रकाशात अशाच एका स्थिरांकात किंचित फरक असल्याचं काहींना वाटलं, इतरांना तो दिसला नाही. तो स्थिरांक याहून जास्त सरकला असता तर ताऱ्यांत पुरेसा कार्बनही तयार झाला नसता, आपण इथं नसतो.

"म्हंजे बदलत न्हाई, हे नक्की ना सर?"

"आजवर तरी सापडलेलं नाही," मी म्हणालो. मागच्या खेपेला डॉक्टर अगदी हेच म्हणाले होते.

संध्याकाळी बायकोनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. उन्हाळाच आहे, मी मनात म्हटलं. जिन्यात ती मध्येच थांबली. पुतणीच्या लग्नाची दगदग, म्हटलं. आणि एकदम कळलं की मीही पोरांसारखंच करतोय, उत्तर आधी ठरवून रीडिंग जुळवतोय. इतकी भीती मला ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती. तिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

नगरला डॉक्टरांनी विचारलं, "भूक कशी आहे?"

"चांगली हाय," बायको म्हणाली.

माझ्याही तोंडात तेच आलं होतं. "अर्ध्या भाकरीवर आहे," मी म्हणालो, "आणि जिना एका दमात चढत नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. बायकोनं टेबलाखाली माझा हात धरला.

"तुमाला दिसत हुतं व्हय?" ती हळूच म्हणाली.