बिनपाण्याची गाडी

जे इंजिन निव्वळ वाऱ्यावर थंड राहायचं, त्याच्या वारा घेण्याच्या तोंडावर मी टॉवेल बांधला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. पूर्ण शुद्धीत, भर उन्हात, बायकोच्या देखत बांधला, आणि वर गाठ नीट बसली की नाही हे दोनदा ओढून पाहिलं.

टॉवेलच का, तर मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताची धूळ अशी उडते की संध्याकाळी घरी जाताना माणसाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. त्यामुळे आमच्यात एक सवयच होती. जे जपायचं त्याला टॉवेल गुंडाळायचा. मागाच्या मोटारीला टॉवेल, ट्रान्झिस्टरला टॉवेल, जेवणाच्या डब्याला टॉवेल, मालकाच्या टेबलावरच्या फोनला तर झालरीचा. विणीत खोट निघालेले टॉवेल ढिगानं पडलेले असायचे, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर ते चालतात असं माझं मत होतं.

गाडी त्याआधी काही महिने घरी आली होती. रेल्वे लाइन्समधल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या आवारात ती चिंचेखाली उभी होती. कासवासारख्या पाठीची, परदेशी, इंजिन मागे. आत कोंबड्या बसायच्या. डॉक्टरांना जागा मोकळी करून हवी होती आणि मला मोटारीचा मालक व्हायचं होतं, तेव्हा सौदा चटकन जमला. मागच्या सीटवरची खुडूक कोंबडी मात्र त्यांनी काढून घेतली.

माझा जीव जडला तो एका गोष्टीवर. या गाडीला पाणी लागत नव्हतं. रेडिएटरच नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी एका कंत्राटदाराची जीप माळावर वाफा टाकत उभी राहिलेली पाहिली होती. ड्रायव्हर डबा घेऊन वस्तीवर गेला तर तिथल्या बाईनं त्याला हाकलून लावलं. "माझी म्हस तहानली हाय, तुझ्या डबड्याला कुठनं पाजू?" तेव्हापासून माझ्या मनात होतं की आमच्या मुलखाला गाडी हवी तर अशी, पाणी न मागणारी. त्यात रद्दीच्या दुकानात एक परदेशी मासिक सापडलं. त्यात हीच कासवगाडी, पण मडगार्ड छाटलेली, मोठाल्या चाकांवर उंच उभी, इंजिन मागं उघडं टाकलेलं, आणि वाळवंटातून अशी उधळत चाललेली की मागे वाळूचा पडदा. मी ते पान फाडून खिशात ठेवलं. माझं वाटोळं तिथूनच सुरू झालं असं बायको म्हणते. तिचं म्हणणं सौम्य आहे.

विजापूर वेशीजवळ एक मिस्त्री होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि तोही स्वतःला उस्तादच म्हणे. हात बसलेला स्कूटरवर, पण तोंड विमानापर्यंत पोचायचं. मी पान दाखवलं तेव्हा त्यानं ते उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.

"भाई, ये तो कुछ बी नै," तो म्हणाला. "काट डालते."

आणि खरंच कापली. पुढचे-मागचे मडगार्ड कापले. मागे जीपचे जुने टायर बसवले, ते घासायला लागले म्हणून आणखी कापलं. पोटाखाली लोखंडी पत्रा ठोकला. मागचं झाकण काढून भिंतीला टेकवलं, त्यावर उस्तादच्या बायकोनं पापड वाळत घातले. इंजिन उघडं, चित्रातल्यासारखं. दर रविवारी मी जायचो, आणि दर रविवारी गाडी आधीपेक्षा थोडी कमी गाडी दिसायची.

"गरम नाही ना होणार?" मी एकदा विचारलं.

"पानी नै, रेडिएटर नै, तो गरम कायकू हुईंगी? भाई, ये ऊंट हय ऊंट!"

मी मान डोलावली. पाणी नाही म्हणजे उकळण्याचा प्रश्न नाही, हे त्याला पटलं, मलाही पटलं. पाण्याचं काम मग कोण करतं, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही.

हे सगळं चाललं असताना घरात दुसरीच गोष्ट चालली होती. बायकोचं माहेर भीमेच्या काठावर, उजनी धरणाच्या पोटात जाणाऱ्या गावांपैकी एक. येत्या पावसाळ्यात पाणी अडवणार, असं ठरलं होतं. लोक घराची दारं, तुळया, पत्रे काढून वर माळावरच्या नव्या गावठाणात नेत होते. गावदेवीला हलवायचा दिवस धरला होता. त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकींना बोलावणं होतं. प्रत्येकीनं जुन्या जागेवर देवीची ओटी भरायची, माहेरच्या घरात शेवटचं बसायचं, तिथं आईनं तिची ओटी भरायची, आणि मग देवीच्या मागोमाग हलगीच्या तालावर सगळ्यांनी गाव सोडायचं.

बायकोनं खण आणला, नारळ आणला, हिरव्या बांगड्या आणल्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "ओसरीत उखळ आहे बघा, जमिनीत पुरलेलं. तेवढं काही नेता येत नाही म्हणे."

मेव्हणा तिला न्यायला आला, तो दोन दिवस आधीच. "दाजी, ताईला आताच नेतो. येष्टीनं फाट्यापत्तुर, तितनं बैलगाडी हाय आपली."

इथं मी तोंड उघडलं.

"बैलगाडी कशाला? मी आणतो की. मोटार आहे आपली."

मेव्हण्यानं अंगणात उभ्या असलेल्या त्या प्रकाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "ही?"

"ही."

बायको पिशवी घेऊन दारात उभी होती. "मी जाते की त्याच्यासंगं. तुम्ही मागनं या गाडी घेऊन."

"सगळ्या गावच्या लेकी बैलगाडीतनं येतील, माझी बायको मोटारीतनं उतरेल," मी म्हणालो. मला वाटलं, तिला याचा आनंद होईल. ती मेव्हण्याकडे पाहत राहिली. मग आत जाऊन पिशवी खुंटीला लावली. जाताना मेव्हणा एवढंच सांगून गेला, "मग करमाळ्याच्या बाजूनं, सडकंनंच या. लांब पडंल, पर नदीत घालू नगा."

गाडीची तालीम मी कुंभारीच्या माळावर घेतली होती. तिथं ती झकास धावली, पण परत येईपर्यंत उघड्या इंजिनावर धुळीचा हा थर. तो पाहून माझ्यातला यंत्रमागवाला जागा झाला. इंजिनच्या मागच्या अंगाला पंख्याचं गोल तोंड होतं, सगळी धूळ तिथूनच आत ओढली जात होती. उपाय माझ्याकडे कपाटभर होता.

ठरल्या दिवशी पहाटे निघालो. मोहोळ, टेंभुर्णी, सगळं सुरळीत. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, मी हात हलवत होतो, बायको पदर तोंडावर धरून बसली होती. ते कौतुक नव्हतं हे मला पुढं कळलं. करमाळ्याकडे वळण्याची जागा आली आणि मी वळलो नाही. इंदापूरच्या बाजूनं नदीपर्यंत गेलो. उन्हाळ्यातली भीमा म्हणजे पाण्याची एक बारीक ओढ आणि दोन्ही अंगांना पसरलेलं वाळवंट. पलीकडच्या काठावर गाव. मासिकातलं चित्र माझ्यासमोर अंथरून ठेवल्यासारखं.

"भाऊ सडकेनं या म्हणाला होता," बायको म्हणाली.

"या वाळूसाठीच तर केली ही."

तिथं मी उतरलो आणि टॉवेल बांधला. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून. बायको खाली उतरून बघत होती.

"अहो, हा पंखा कशाला आहे?"

"हवा ओढायला."

"मग हिचं नाक कशाला बांधलंय?"

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, "स्टोव्ह नव्हे हा. बस."

ती बसली.

आणि काय सांगू, गाडी काय गेली! टायर वाळूवरून तरंगत होते, मागं चित्रातल्यासारखाच पडदा. पाण्याची ओढ आम्ही फवारे उडवत ओलांडली. पलीकडून हलगी ऐकू येत होती. मी ओरडलो, बायकोसुद्धा हसली. त्या संबंध प्रकरणात ती एकदाच हसली आणि ते मी अजून जपून ठेवलं आहे, टॉवेल न गुंडाळता.

मग जळक्या कापडाचा वास आला. मी म्हणालो, काठावर कुणी काहीतरी जाळत असेल. मग गरम तेलाचा वास. मग खट् असा एकच आवाज, आणि सगळं थांबलं. मागं जाऊन पाहिलं तर टॉवेल पंख्याच्या तोंडाला चिकटून आत खेचला गेला होता, तपकिरी पडला होता. इंजिन जागच्या जागी आवळलं होतं. पंख्याच्या पट्ट्याचं चाक पुढंही फिरेना, मागंही.

यापुढचं मला विनोदानं सांगता येत नाही. बरेचदा प्रयत्न केला आहे. लोक टॉवेलपर्यंत हसतात, म्हणून मी तिथंच थांबतो.

बायकोनं ओटीची पिशवी उचलली. "मी चालत जाते पुढं."

गाव दिसत होतं. वाळू तापली होती, पण गाव दिसत होतं. मी म्हणालो, "थांब. थंड झालं की सुरू होतंय. जरा थांब."

ती थांबली. मी टॉवेल फाडून काढला, फुंकर घातली, पुठ्ठ्यानं वारा घातला. पुन्हा म्हणालो, जरा थांब. ती गाडीच्या सावलीत बसून राहिली. मोटारीतून उतरायचं होतं ना तिला, माझ्यासाठी. हलगीचा आवाज मोठा झाला, मग एका जागी घुमला. मी किल्ली फिरवत होतो. मग तो आवाज हलायला लागला. तिनं मान वळवली. आवाज काठावरून वर चढला, माळाकडे, बारीक होत गेला. ती उठली आणि चालू लागली. मी मागून नारळ घेऊन.

गावात कुणी नव्हतं. दारं नसलेली घरं, तुळया काढलेल्या भिंती, देवीच्या देवळात रिकामा कट्टा आणि त्यावर बायकांनी वाहिलेलं हळदीकुंकू. माहेरच्या घराच्या ओसरीत, वर छप्पर नाही अशा उन्हात, सासूबाई एकट्या बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात गहू, खण. त्या देवीच्या मागं गेल्याच नव्हत्या. गावाच्या सगळ्या बाया गेल्या, त्या थांबल्या.

"लेकीची वटी भरल्याबिगर कशी उठू?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून एवढंच, "या पावनं. बसा. बसायला काय न्हाय."

उखळाच्या कडेला बसवून त्यांनी तिची ओटी भरली. बायकोनं उखळाच्या दगडावरून हात फिरवला. देवीचा खण तिनं रिकाम्या कट्ट्यावर ठेवला. देवी गेल्यानंतर. आईनं देवीच्या मागं चालायचं होतं, लेकीनं आईच्या मागं, आणि दोघींचंही ते माझ्यापायी हुकलं.

गाडी दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या बैलांनी ओढून काठाच्या बाभळीखाली नेऊन ठेवली. बैलगाडीचे बैल ते. मेव्हणा बैलांना हाकताना जे शब्द वापरत होता, ते सगळे बैलांसाठी नव्हते. उस्तादला आणून इंजिन उतरवू, असं मी ठरवलं. उस्ताद आज येतो, उद्या येतो करत राहिला, मीही लाजेनं तिकडं फिरकलो नाही. पाऊस आला, पाणी अडलं, चढलं. पाणी न मागणाऱ्या माझ्या गाडीला मिळालं ते सगळं उजनीचं पाणी.

एक-दोन वर्षांनी आम्ही दोघं तिथं गेलो. या वेळी येष्टीनं. बायकोला जागा बघायची होती. समोर पाणीच पाणी, काठाला नवे उसाचे फड, मोटारपंपांची घरघर. एक तरणा कोळी होडी काठाला लावून जाळं सोडवत होता. तो लांबून कुठून तरी मासेमारीला आलेला. बायकोनं त्याला माहेरच्या गावाचं नाव सांगून विचारलं, नेमकं कुठं येईल ते?

"काय म्हाईत न्हाय बाई," तो म्हणाला. "आमी नवीन हितं."

तिनं ऊस खुरपणाऱ्या दोघी-तिघींना विचारलं. एकीनं इकडं हात केला, दुसरीनं तिकडं. तेवढ्यात होडीवाल्यानं आपणहून हाक मारली, "ती अर्दी बुडाल्याली बाभळ दिसती का? तितं तेवढं जाळं टाकायचं न्हाय बगा. खाली कुना येड्याची मोटार हाय. लई जाळी फाटली." खुरपणाऱ्या बायका हसल्या. त्यांनाही ती जागा ठाऊक होती.

बायकोनं त्या बाभळीकडे पाहिलं. मग पदर खोचून फाट्याच्या दिशेनं वळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं माहेर कुठं होतं हे सांगायला एक माणूस उरला नाही, आणि तुमचा खटारा कुठं आहे ते साऱ्या मुलखाला पाठ!"