मुठीतला प्ले

"नरडं सोड की त्याचं, भावा!"

कंपनीच्या कँटीनमध्ये कुणी चहाचा ग्लास घट्ट धरला, की मागून मास्तरचं हे वाक्य यायचं. पान्याला, गाडीच्या हँडलला, सगळ्याला त्याच्या लेखी नरडं होतं. एकदा मी पाहुण्या साहेबांशी हात मिळवत होतो, तर हळूच कानात म्हणाला, "सोड, साहेब निळे पडायलेत."

आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. चाकणला तो पत्र्याचे भाग दाबून काढणारा प्रेस चालवायचा आणि मी टूलरूममध्ये त्या प्रेसच्या डाय, म्हणजे साचे, दुरुस्त करायचो. गडी लातूरकडचा. शाळेत तलवारबाजी खेळलेला. ते वेड घेऊनच इकडे आला होता. रविवारी काळेवाडीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तो कामगारांच्या पोरींना शिकवायचा. माझी मुलगी त्यातलीच एक.

तलवार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर घोडा, ढाल वगैरे येत असेल. माझ्याही आलं होतं. पण ही तलवार म्हणजे एक हलकं, लवचिक पातं आणि टोकाला बोंड. खरा प्रश्न मुठीचा. एक मूठ सरळ, दांड्यासारखी. दुसरीला खाचा आणि शिंगं असतात. ती पिस्तुलासारखी हातात बसते. पोरींना अर्थातच पिस्तूल हवं असायचं.

"सर, तिच्यात हात घसरत नाही," माझी मुलगी म्हणाली.

"घसरू दे की. घसरल्याबिगर बोटांना काय कळतंय?" मास्तर सरळ मूठ धरून दाखवायचा. "अंगठा आन् हे पहिलं बोट बोलत्यात. मागची तीन ऐकत्यात. पिस्तुलात आख्खा हातच बोंबलायलाय!"

मग एका शिफ्टला प्रेसने त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं.

चाकणच्या बसमध्ये वरचा दांडा धरलेले हात तुम्हीही पाहिले असतील. एखाद्या हाताला बोट कमी असतं आणि आपण नजर खिडकीकडे वळवतो. मला ते जमत नाही. त्या प्रेसवरची डाय मी बसवली होती. दोष डायचा नव्हता, असं सगळ्यांनी सांगितलं. मास्तरनेही सांगितलं. मला अजून पटलेलं नाही.

जखम भरल्यावर तो हॉलवर आला. नेहमीची सरळ मूठ घेऊन उभा राहिला. माझ्या मुलीने आपलं पातं त्याच्या पात्याला नुसतं टेकवलं, तर तलवार हातात गर्रकन फिरली आणि फरशीवर पडली. ऐकणाऱ्या तीन बोटांतलं एकच उरलं होतं.

"बहिरी झाली की मूठ," तो हसला. पोरी हसल्या नाहीत. मग मास्क बाकावर ठेवून म्हणाला, "पुढच्या रविवारी येऊ नका."

मी टूलरूमचा माणूस, मला एकच उपाय सुचला. एम-सील मळून त्याच्या तळहातात दाबलं आणि हाताचा ठसा घेतला. त्यावरून जेवणाच्या सुट्टीत अ‍ॅल्युमिनियमची मूठ घासत बसलो, त्याच पिस्तुलाच्या जातीची. तळव्याचा प्रत्येक उंचवटा तिच्यात उतरवला, तुटल्या बोटांच्या खुंटांनाही जागा केली. आमच्याकडे प्ले म्हणजे जवळजवळ शिवीच. दोन भागांत सैलपणा राहिला, की साहेब विचारतात, "प्ले किती आहे?" आणि आपण मान खाली घालतो. माझ्या मुठीत प्ले नव्हता.

मास्तरने ती धरली. बोटं जागच्या जागी बसली. मनगट वळवायला गेला, तर खांद्यापासून सगळा हात वळला.

"भावा, तू तर फिक्स्चर केलास." फिक्स्चर म्हणजे काम जराही हलू नये म्हणून ते आवळून धरणारी चौकट.

"घट्ट बसतेय ना?"

"तेच की. माझंच नरडं धरलास." त्याने उरलेली बोटं माझ्यासमोर हलवली. "ह्यांना खेळायचंय राव. थोडा प्ले ठेव."

दुसरी मूठ करताना माझी कानस अडखळत होती. मुद्दाम सैल काम मी कधी केलं नव्हतं. तो शेजारी बसून, हातात घेऊन बघायचा आणि परत द्यायचा. "अजून जरा."

येऊ नका म्हटलं होतं तरी रविवारी पोरी आल्या होत्या. माझ्या मुलीने पुन्हा पातं टेकवलं, या वेळी जरा जोरातच. नव्या मुठीतली त्याची तलवार डगमगली, वळली आणि तिचं बोंड अलगद मुलीच्या जॅकेटवर येऊन थांबलं.

"लागलं, सर!" हरलेली पोर आनंदाने ओरडली.

"हसा आता," मास्तर म्हणाला. "पिस्तूलवाला झालो शेवटी."

आता तो इथे नाही. गावाकडच्या शाळेत शिकवायला मिळालं आणि तो गेला. दुसरी मूठ घेऊन गेला. पहिली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कधी जेवणाच्या सुट्टीत ती हातात धरून बघतो. इतकं नेमकं काम मी नंतर केलेलं नाही. पण मला ती बसत नाही. माझी दोन बोटं जास्त होतात.