मले नकली द्या

सुधाकर आणि मी भेटलो की चहाच्या आधी कॅसेटी निघतात. म्हणजे कॅसेटींच्या गोष्टी. एकच सांगून उठायचं ठरवतो, पण एक ओढली की मागून दुसरी येते, आणि आमच्या बायका उठून आत जातात. जाऊ देत बापड्या! महाल भागातली आमची व्हिडिओ लायब्ररी बंद होऊन जमाना झाला. ते दुकान परत नको, तो व्हीसीआरही नको. पण दुपारी तिथे येऊन बसणारी माणसं हवीशी वाटतात, फार वाटतात.

*

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा काळ. नवा सिनेमा लागला की गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी त्याची कॅसेट हवी. एक व्यापारी पिशवी भरून रेल्वेने यायचा. लेबल नव्या सिनेमाचं, आत काय असेल ते देव जाणे.

सुधाकर माझा भागीदार, आणि पारखी. पहिल्यांदा त्याने सुरुवातीची पाच मिनिटं लावून पाहिली. सिनेमा खरा. कॅसेट घेतली. सहाव्या मिनिटापासून संत्र्याच्या झाडाला आळं कसं करावं, ते सुरू झालं! काटोलकडच्या एका बागाईतदाराने मात्र ती कॅसेट दोनदा नेली.

पुढच्या खेपेला सुधाकरने मधूनच लावून पाहिलं. व्यापारी हुशार, त्याने या वेळी फक्त मधलंच खरं ठेवलं होतं. तिसऱ्या खेपेला सुधाकर सुरुवात, मध्य, शेवट असं सगळं बघायला बसला, तेव्हा व्यापारी शांतपणे म्हणाला, "पूरी ही देख लो भैया, फिर लेने की क्या ज़रूरत?"

तेव्हापासून सुधाकर आधी कॅसेटची मागची कड बघायचा. तिथे प्लास्टिकची एक चीप असते. ती तोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. तुटल्या जागी चिकटपट्टी लावलेली दिसली, की समजायचं, जुन्यावर नवं भरलंय.

*

थिएटरात लपून काढलेल्या कॅसेटीही यायच्या. लेबलवर 'ओरिजिनल प्रिंट' आणि पडद्यावर पुढच्या रांगेतली डोकी. बर्डीवर कापडाच्या दुकानात असलेले एक गृहस्थ अशी कॅसेट घेऊन आले. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून आम्ही तयार राहिलो.

ते म्हणाले, "अजून एक दिस ठेवू का? हिरो रडून राहिला तवा समोरून जो उठते ना, तो माहा साळा हाये. भोपाळले इंटरव्ह्यूले जातो म्हणून निंगाला होता. सासऱ्यायले दाखवतो."

*

धोटेकाका आमच्याकडे आले तेही अशाच एका दुपारी. मिलमधून रिटायर झालेले, शेजारच्या गल्लीत एकटे राहायचे. काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "नकली कॅसेटा हायेत का? अस्सल तुमच्या गिऱ्हाइकाले द्या. मले नकली द्या."

म्हातारा टिंगल करतोय, असं आम्हाला वाटलं. मग त्यांनी सांगितलं. खाप्याला काकूंच्या भाचीचं लग्न झालं, त्याचं शूटिंग झालं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या. शूटिंगवाल्याने कॅसेट काही दिली नाही. धंदा गुंडाळला आणि सगळ्या वापरलेल्या कॅसेटी विकून टाकल्या, आमच्याच त्या व्यापाऱ्याला.

"त्यानं त्यायच्यावर पिक्चर भरले असतीन," काका म्हणाले. "पन पिक्चर आखूड अन् टेप लांब. पिक्चर संपला का मांगचं जुनं उरते. तिथं कुठं तरी ती असन."

सुधाकरने विचारलं, "फोटो नाही का, काका?"

"फोटो हाये ना. पन फोटोत ती गप्प हाये. ती कधी गप्प नव्हती."

*

मग रोज दुपारी काका आमच्या आतल्या खोलीत बसायचे. चिकटपट्टीची कॅसेट लावायची, सिनेमा पुढे पळवायचा आणि 'समाप्त' आलं की खुर्ची पुढे ओढायची. समोरच्या हॉटेलातून चहा यायचा. काकांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, तरी ते वरून साखर मागायचे. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "रोकनारी गेली ना गा. टाक."

त्या शेपटांत काय काय निघालं! कोणाची मुंज, कोणाचं स्नेहसंमेलन, एकदा एक बारसं. बारसं पाहून काका अडूनच बसले. "हे कोनाचं तरी पोरगं हाये. त्यायले बी लागत असन." आम्ही दाराबाहेर पाटी लावली. तीन घरची माणसं आली. बाळ तिघांनाही आपलंच वाटलं. शेवटी कॅसेटमधली आत्या एका घरच्यांची निघाली म्हणून त्यांना कॅसेट दिली. काका त्या दिवशी खूश होते. संध्याकाळी मात्र बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. आम्हालाही कुलूप लावावंसं वाटेना.

*

आणि मग मानकरबाई. त्यांच्या महिला मंडळाने एका संताच्या चरित्राचा सिनेमा मागवला. कॅसेटबरोबर व्हीसीआरही आमचाच. सुधाकर तो चालू करून देऊन आला. लेबल संताचं होतं, आत निघाली मारामारी. दुसऱ्या दिवशी बाई दुकानात शिरल्या तेव्हा आम्ही माफी तोंडावर तयार ठेवली होती.

"पिक्चर बरा होता गा," त्या म्हणाल्या. "मांडलं होतं तं पाह्यलं सगळ्याजनीनं. पन बंद कसं कराचं ते कोनालेच समजे ना. तं ते शेवटचं लग्न कोनाचं हाये? पंगतीतला वडाभात पाहून आमाले भूक लागली."

सुधाकरने कॅसेट उलटी केली. चिकटपट्टी होती. तो चप्पल न घालताच काकांच्या गल्लीकडे धावला.

आम्ही तिघं आतल्या खोलीत बसलो. 'समाप्त' झालं, पडद्यावर मुंग्या आल्या आणि मग खाप्याची पंगत. शूटिंगवाल्याने गाणी चढवायच्या आधीच ती कॅसेट विकून टाकली होती, म्हणून माणसांचा आवाज तसाच राहिला होता. वेळेवर कॅसेट दिली असती तर वर सनई वाजली असती.

हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी वाढत होती. ती वळली आणि काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. काकूंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"माह्यं काहून काढून राहिला गा? तिकडं नवरीचं काढ." मग त्यांनी पंगतीच्या टोकाला आवाज दिला, "ओ बाई, त्यायच्या पानात जिलबी नोको वाढू वं. काल बी चोरून खाल्ली त्यायनं."

पंगतीच्या टोकाला काका पानावर आडवा हात धरून बसले होते. मग कॅमेरा फिरला आणि नवरी आली.

सुधाकरने टेप मागे घ्यायला बटणाकडे हात नेला. काका म्हणाले, "थांब जरासा."

तेवढ्यात चहा आला. हॉटेलच्या माणसाने रोजच्यासारखी साखरेची पुडी कपाशेजारी ठेवली. काकांनी कप आणि पुडी दोन्ही त्याच्याकडे सरकवले.

"हा घेऊन जा," ते म्हणाले, "बिनसाखरेचा आन."